सत्तावीस चौदा

आधीच सांगते, मला इंजिनातलं काही कळत नाही.
मी लक्ष्मी रोडला चष्म्याच्या दुकानात असते,
लोकांना विचारते, खालची ओळ वाचता येते का.
पण कर्वे पुतळ्यापाशी पाठमोरी उभी असले तरी
वळणाआधीच्या खाकरण्यावरून सांगायचे :
सत्तावीस चौदा आली.

अकराव्या वर्षापासूनच्या वह्या आहेत.
तारीख, बसचा नंबर, कुठे भेटली, शेरा.
शेऱ्यात असं काहीतरी :
वायपर एकच.
मागचा दिवा नवा.
आज रागात आहे.
आई म्हणायची, हिच्या वह्या रद्दीवाला तरी घेईल का.

चांदणी चौकाच्या चढावर
ती दुसऱ्या गिअरला यायची तेव्हा
अख्खी बस गप्प व्हायची,
सुट्ट्यांवरून भांडणारेसुद्धा,
जणू सगळ्यांनी मनातून थोडं थोडं ढकलायचं ठरलेलं.
वर पोचल्यावर पासलकर
गिअरच्या दांड्याला हलकेच थोपटायचे.
दांड्याची मूळ मूठ केव्हाच गेलेली,
तिच्या जागी एक लाकडी भोवरा, आर काढलेला,
लाल-हिरवी लाख त्यांच्या तळव्याने पुसत आणलेली.

डावीकडची चौथी खिडकी बंद होत नसे.
त्यामुळे पावसाळ्यात ती जागा हमखास मोकळी.
माझीच म्हणा ना.
तिथे बसून मी बारावीचा निकाल
चार वेळा उघडला, चार वेळा दुमडला.
तिथेच एकाला नाही म्हटलं,
तो डेक्कनला उतरला, मागे न बघता.
त्या दिवशीचा शेरा :
ब्रेक करकचून.

फेब्रुवारीत ती दिसली नाही.
मार्चातही नाही.
डेपोतला टाइमकीपर चहा ओतता ओतता म्हणाला,
स्क्रॅपला गेली हो बाई, लिलाव झाला,
दूध संपलं म्हणावं तसं.

कुदळवाडीला जायला दोन बस बदलाव्या लागल्या.
पत्र्याच्या कुंपणाआड
ती पोटावर बसली होती, चाकांशिवाय,
पुढची पाटी अर्धी : ‘रूड डेपो’.
एक बाजू गॅसकटरने आधीच उघडलेली,
आतून इतकी लहान दिसत होती
की साठ माणसं कुठे मावायची कळेना.

मी तिथूनच पासलकरांना फोन लावला, पानशेतला.
गेली का? म्हणाले. बरं झालं.
तिच्या क्लचने माझा गुडघा खाल्ला.
मग बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज.
मग : भोवरा आहे का बघ गं.
नव्हता.
नेला असेल कुणाच्या पोरानं, म्हणाले,
फिरू दे.

कटरवाल्या पोराचं नाव रिझवान.
त्याला वाटलं, मी आरसा वगैरे विकत घ्यायला आले.
बसायचंय म्हटल्यावर त्याने मला नीट पाहिलं,
मग म्हणाला, बसा, जेवणाची सुट्टी आहे तोवर.
चौथ्या खिडकीपाशी सीट नव्हती,
नुसता सांगाडा.
तरी बसले.
दोरी अजून होती, घंटा नव्हती.
रिझवानने डबा खाली ठेवला,
दोरी दोनदा ओढली
आणि तोंडानेच म्हणाला, टण टण.

माझा हात पर्समध्ये गेला,
सुट्ट्या पैशांच्या कप्प्यापर्यंत.
त्याने पाहिलं. हसला नाही.
खिडकीबाहेर फ्रीजच्या दारांचा ढीग
जागच्या जागी होता.

परतताना विजेवरची बस मिळाली.
थंडगार, काचा न उघडणाऱ्या.
बराच वेळ कळलंच नाही, निघालोय की उभे आहोत.
हॅरिस पुलावर मी वही काढली,
तारीख घातली, नंबर घातला.
काय करणार, हाताची सवय.
शेरा :
अजून ओळख नाही.